पोराशेजारी बसणाऱ्या बाई

बाईंना गाडीतला एसी चालत नसे. दोह्याच्या उन्हाळ्यात, डांबर मऊ होतं अशा दुपारीसुद्धा त्या चारही काचा खाली करायला लावत आणि डोक्यावर ओला नॅपकिन ठेवून पुढच्या सीटवर ताठ बसत. सिग्नलला शेजारच्या मोठ्या गाड्यांतली माणसं आमच्याकडे बघत राहायची.

"बाई, लोक हसतायत," मी म्हणायचो.

"हसू दे. बंद गाडीत कोंडल्यासारखं होतं. मला नव्हे रे, मागं बसलंय त्याला."

मागं बसलेलं असायचं एखादं पोर. कधी एवढंसं, कधी मिसरूड फुटलेलं. घरच्यांनी मारलेलं, किंवा उपाशी ठेवलेलं, किंवा ज्याला कुणी ठेवून घ्यायचं यावरून मोठ्यांचं कोर्टात चाललेलं. त्याला शेल्टरमधून कोर्टात न्यायचं, तिथं त्याच्या शेजारी बसायचं, जजसाहेबांनी विचारलं तर त्याचं म्हणणं सांगायचं आणि परत आणून सोडायचं, हे बाईंचं काम. काम म्हणजे पगाराचं नव्हे. पगार त्यांना हॉस्पिटल द्यायचं, लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचा. "सकाळी पोरांना सुई टोचून रडवते," म्हणायच्या, "म्हणून दुपारी जाऊन बसते त्यांच्यापाशी." हॉस्पिटलात आणलेल्या कुठल्याशा पोराची भाषा कुणाला कळेना, तेव्हा बाईंना बोलावलं होतं. भाषा बाईंनाही येत नव्हती. पण पोर त्यांना चिकटलं, ते कोर्टापर्यंत. तेव्हापासून बोलावणी येत गेली. त्यांना कसलं पद नव्हतं, ओळखपत्र नव्हतं. कोर्टातले शिपाई त्यांना सिस्टर म्हणत. त्या नर्स नव्हत्या आणि ननही नव्हत्या. वसईकडच्या, पंचावन्नच्या पुढच्या, पांढरे मोजे घालून वर सँडल चढवणाऱ्या एक बाई होत्या. मी त्यांना बाईच म्हणायचो.

ही गोष्ट दोन हजार सालाच्या आगंमागंची. आता जिथं भराव घालून केलेल्या पर्ल बेटावरच्या इमारती उभ्या आहेत तिथं तेव्हा समुद्र होता. मी दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मदला आमच्याच तालुक्यातल्या माणसांबरोबर एका खोलीत राहायचो आणि एका छोट्या कंपनीची गाडी चालवायचो. बाईंनी दुपारची गाडी आमच्याकडून लावली आणि मॅनेजरनं चावी माझ्या हातात दिली, एवढ्यावरून आमची ओळख.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी सातवी नापास नव्हे, सातवी सोडलेला. फरक आहे. नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं. मास्तर बोट करून प्रश्न विचारायचे आणि माझ्या घशाला कोरड पडायची, उत्तर येत असलं तरी तोंडातून फुटायचं नाही. एक दिवस दप्तर घेऊन घरातून निघालो तो शाळेकडे न वळता जेटीवर गेलो, आणि तिथंच लागलो कामाला. ती भीती इथंही बरोबर आली. मागं पोलिसांची गाडी दिसली की माझा हात आपोआप खिशातल्या बताक्यावर जायचा, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर. काही चुकलं तर विमानात बसवून घरी पाठवतील, हे मनात कायम.

बाईंना हे पहिल्याच दिवशी कळलं असावं. कारण त्यांनी मला कधी काही विचारलंच नाही. गाव कुठलं, घरी कोण, शिक्षण किती, लग्न झालं का, काही नाही. आपलं माणूस भेटलं की हे चार प्रश्न सगळेच विचारतात. बाई खिडकीबाहेर बघत बसायच्या. मग महिनाभरात मीच त्यांना सगळं सांगून टाकलं, जेटीपर्यंत.

पोरांशीही त्यांची हीच रीत होती. पोराला प्रश्न विचारायचा नाही. "विचारलं की पोर आधी आपलं तोंड बघतं," म्हणायच्या, "आणि तोंडावर जे दिसेल ते उत्तर देतं. मग त्यात पोराचं काय राहिलं?" न विचारता बोलतं कसं करायचं, त्याची त्यांची तऱ्हा होती. पिशवीत एक घडीचं बुटकं स्टूल असायचं आणि एक स्टीलचा डबा, त्यात भिजवून मोड आणलेले कडवे वाल. शेल्टरमध्ये गेल्या की पोराला खुर्चीवर बसवायचं, आपण स्टुलावर त्याच्यापेक्षा खाली बसायचं आणि वाल सोलायला घ्यायचे. पोराकडे बघायचंसुद्धा नाही. वालाचं साल चिमटीत धरून दाबलं की दाणा टुणकन उडतो. एखादा उडून पोराच्या मांडीवर पडायचा. पोर तो दाणा परत द्यायचं. मग एक आपण सोलून बघायचं. अर्ध्या तासात सुदानी, फिलिपिनो, मल्याळी, कुठलंही पोर असो, वाल सोलत असायचं, आणि वाल सोलता सोलता बोलायला लागायचं. भाषा कळो न कळो, बाई "हं" म्हणायच्या. कळायला नंतर माणूस शोधता येतो, त्या म्हणायच्या, आधी बोलणं तर बाहेर पडू दे.

बाईंचं घर अल सद्दला, तिसऱ्या मजल्यावर. बाई लिफ्टला भ्यायच्या, जिन्यानं चढायच्या. पिशव्या घेऊन मी आणि त्यांचे यजमान लिफ्टनं. यजमान अबोल गृहस्थ, कुठल्याशा ऑफिसात हिशेबाला होते. एकदा लिफ्टमध्ये हळूच मला म्हणाले, "अरे, कोर्टाची तारीख पुढं ढकलली की माझ्या ताटात त्या वालांचं बिरडं वाढतं. या महिन्यात तीन केसेस आहेत. मी काय करू, सांग."

गाडीतला कायदा वेगळा. आधी पोरानं बसायचं. कुठं बसायचं ते त्यानंच ठरवायचं, आणि ते बसेपर्यंत आम्ही दोघं बाहेर उभे, उन्हात. "त्याचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलंय," बाई म्हणायच्या, "एक जागा तरी त्याला धरू दे."

एकदा एका सुदानी पोरानं ड्रायव्हरची जागा धरली. मी म्हटलं, "बाई, आता?"

"आता काय? तू मागं बस."

मी मागं बसलो. बाई त्याच्या शेजारी. चावी माझ्या मुठीत. पोर स्टिअरिंग धरून तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होतं, हॉर्न दाबत होतं, मध्येच मला मागं वळून काहीतरी दटावत होतं. मला वाटतं, बेल्ट लाव म्हणत असावं. आम्ही शेल्टरच्या दारात उभ्या गाडीत कुठल्या कुठं जाऊन आलो. मग त्याला कंटाळा आला, उतरून मागं आलं आणि मला ढकलून बाहेर काढलं. कोर्टात पोचलो तर क्लार्क भडकलेला. उशीर का, म्हणून विचारायला लागला. बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या, "खार्तूमला जाऊन आलो. लांब पडतं." त्याला खार्तूम एवढंच कळलं. त्यानं एकदा पोराकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि म्हणाला, "खलास, खलास, आत जा."

रागावल्या की बाई मराठीवर यायच्या. समोर पोलीस असो की हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर. आणि गंमत म्हणजे समोरचा माणूस निमूट ऐकून घ्यायचा.

पण त्या देवमाणूस वगैरे होत्या असं मी लिहिलं तर त्यांनाच आवडणार नाही. रागीट होत्या. नवऱ्याला चारचौघांत घालूनपाडून बोलायच्या. चर्चमधल्या दुसऱ्या वसईकर बायकांच्या केकला नावं ठेवायच्या. आणि मासळी दिसली की कोर्ट, केस, सगळं विसरायच्या. मासळीबाजारात शेरी, म्हणजे इथला आवडीचा मासा, ताजी आलीय कळल्यावर त्यांनी मला गाडी वळवायला लावली होती, तिकडं एक सरकारी मॅडम ऑफिसात वाट बघत बसलेल्या. बंगाली विक्रेत्याशी भांडून, गलफडं उचकटून बघून, मासा कापून घेऊनच निघालो. मॅडमसमोर गेलो तेव्हा आमच्या पिशवीतून पाणी गळत होतं.

"बिचारा" हा शब्द गाडीत चालत नसे. एकदा एक सुखवस्तू बाई, आपल्याच मराठी लोकांतल्या, शेल्टर बघायला म्हणून बरोबर आल्या. बिस्किटांचे पुडे घेऊन आल्या होत्या. परतताना मागं पोर बसलेलं असताना म्हणाल्या, "बिचारं गं." बाईंनी मला गाडी कडेला घ्यायला सांगितलं आणि त्या बाईंना म्हणाल्या, "इथून टॅक्सी मिळते." भर अल सद्दच्या रस्त्यावर उतरवलं. पोराला मराठी येत नव्हतं हो, मी नंतर म्हटलं. बाई म्हणाल्या, "आवाज कळतो."

आणि कोर्टात स्वतःचं मत द्यायच्या नाहीत. जजसाहेबांनी दुभाष्याकडून विचारलं, सिस्टर, तुम्हाला काय वाटतं, तर म्हणायच्या, "मला वाटतं ते मी घरी नवऱ्याला सांगते. इथं पोर बोललं तेवढंच सांगणार." आणि पोर बोललं तसंच सांगायच्या, त्याच्याच शब्दांत, मध्ये थांबलं असेल तर तिथं थांबून.

आता त्या मुलीचं सांगतो.

ती आमच्याकडची, रत्नागिरीच्या खाडीकाठची. माझ्या गावापासून होडीनं पलीकडे. आठ-नऊ वर्षांची असेल. आई आधीच गेलेली, मग बाप गेला. बापाचा भाऊ दोह्यात चांगल्या नोकरीत होता, अल सद्दला फ्लॅट, त्यानं तिला आपल्याकडे आणलं. गावात सगळे त्याचं नाव काढत होते की पोरकी पुतणी सांभाळली. इथल्या शाळेत ती दुसऱ्या मुलांच्या डब्यातलं सांडलेलं उचलून खाताना टीचरला दिसली. हॉस्पिटलात नेलं तर हाडाचा सांगाडा, आणि दंडांवर जुने वळ. केस झाली. पोरीला शेल्टरमध्ये ठेवलं. चुलता म्हणाला, पोरगी मुळातच अशक्त आहे, हूड आहे, पडते, आमच्या पदरात टाका. तिकडं गावी तिची नानी होती, आईची आई. तिनंही कुणाकडून तरी कळवलं होतं की नात माझ्याकडे पाठवा. जजसाहेबांना एवढंच ठरवायचं होतं, पोरगी अल सद्दच्या फ्लॅटवर परत जाणार की नानीकडे.

पहिल्या दिवशी तिला घ्यायला गेलो. मी मागचं दार उघडलं, पुढचं उघडलं. ती आमच्याकडे बघत उभी. आम्ही सांगायची वाट बघत होती. बाई रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ऊन मी म्हणत होतं. माझा शर्ट पाठीला चिकटला. पोरगी हलेना. मी हळूच म्हटलं, "बाई, सांगू का तिला?" बाईंनी नुसती मान हलवली, नको.

शेवटी ती गाडीत शिरली आणि सीटवर न बसता खाली, पुढच्या सीटच्या मागं पाय ठेवायची जागा असते ना, तिथं गुडघे पोटाशी घेऊन बसली.

मी बाईंकडे बघितलं. पोलिसांनी बघितलं तर मेलोच, मनात आलं.

"चल," बाई म्हणाल्या. "तिनं ठरवलंय. हळू घे."

त्या दिवशी मी गाडी चालवली तशी नंतर बायकोला पहिल्या बाळंतपणाला नेतानासुद्धा चालवली नाही.

वाल तिनं लगेच सोलले. भराभर, मोठ्या बाईसारखे. पण बोलायची नाही. आठवडे गेले, डब्यावर डबे झाले, यजमानांनी बिरड्याला हात जोडले, पण पोरगी एक अक्षर बोलली नाही. फक्त मी आमच्या बोलीत काही म्हटलं की तेवढ्यापुरती वर बघायची. म्हणून बाईंनी ठरवलं की तारखेला मी आत यायचं. कोर्टाचा दुभाष्या हिंदी-अरबी करायचा, मी कोकणी-हिंदी करायचं.

मला रात्री झोप लागेना. कोर्ट म्हणजे प्रश्न विचारायचीच जागा.

त्यात तारखेच्या आदल्या दिवशी चुलता आमच्या खोलीवर आला. इस्त्रीचा शर्ट, अत्तर. खोलीतले सगळे उठून उभे राहिले. आमच्या जमातीत, म्हणजे इथल्या कोकणी मुसलमानांत, त्याच्या शब्दाला वजन होतं, कितीतरी जणांना त्यानं इथं नोकऱ्या लावल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू आपला माणूस. घरातली गोष्ट घरात मिटवू. कोर्टात जाऊन कोण परके लोक काय ठरवणार? त्या बाईचं काय जातंय? उद्या तुझी गाडी बंद पडली असं समज. गाड्या बंद पडतात की नाय?"

"पडतात," मी म्हटलं.

"तुझा मॅनेजर माझ्या ओळखीचाय. चांगला माणूस हाय," एवढं म्हणून खांद्यावर हात ठेवून तो गेला.

मी सकाळी बाईंना जसं झालं तसं सांगितलं. बाईंनी नॅपकिन पिळला, डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "मग तासभर आधी निघू या. गाडी बंद पडायला वेळ नको का द्यायला?"

आणि निघालो. गाडी कसली बंद पडतेय.

कोर्टाची खोली लहान होती. जजसाहेब पांढऱ्या दाढीचे, चष्मा पुढं घसरलेला. चुलता, त्याचा वकील, जमातीतले चार मोठे लोक एका बाजूला. या बाजूला पोरगी, तिच्या शेजारी बाई आपल्या बुटक्या स्टुलावर, म्हणजे टेबलापलीकडून जजसाहेबांना बाईंचं फक्त डोकं दिसत असणार. दुभाष्या म्हातारे मल्याळी गृहस्थ, आणि मी.

जजसाहेबांनी मायेनंच विचारलं. दुभाष्यांनी मला हिंदीत सांगितलं, मी पोरीला आमच्या बोलीत. "चाचाच्या घरी तुला जेवायला देतात काय?"

पोरीनं खाली बघूनच उत्तर दिलं. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला आम्ही. "हां. जेवलंय मी. प्वाट भरलाय."

मी हिंदीत सांगितलं, हां, खाना मिलता है, पेट भर के. दुभाष्यांनी अरबीत सांगितलं. जजसाहेबांनी पुन्हा विचारलं, भूक लागते का? पोरगी म्हणाली, नाय, भूक नाय मला. तेही गेलं अरबीत. चुलत्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं. वकील हसला. जजसाहेबांनी पेन उचललं.

शब्दाला शब्द बरोबर सांगितला होता मी. तरी काहीतरी वाईट घडतंय हे मला कळत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात स्टुलावरून बाई उठल्या. परवानगी न घेता. दुभाष्यांना हिंदीत म्हणाल्या, "जजसाब को पूछो, छोटे थे तब पड़ोसी के घर जाते थे, और वो लोग पूछते थे कि खाना खाया क्या, तो क्या बोलते थे?"

दुभाष्या हसले, मग घाबरले. "सिस्टर, जज को ऐसा नहीं पूछते."

"तुम नहीं पूछते. मैं पूछती है. बोलो."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाल्या, "तुझ्या आईनं तुला काय शिकवलं होतं रे? परक्याच्या दारात कुणी विचारलं तर?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आमच्याकडे पोराला बोलता यायला लागलं की पहिलं हेच शिकवतात. कुणाच्या घरी जा, पोटात कावळे ओरडत असू देत, जेवलास का म्हटलं की म्हणायचं, जेवलो, पोट भरलंय. नाहीतर लोक म्हणतील आईबापानं काही शिकवलं नाही. पोरीनं साक्ष दिलीच नव्हती. तिनं चारचौघांत आपल्या मेलेल्या आईची लाज राखली होती.

मी हे सगळं हिंदीत सांगितलं. कसं सांगितलं माहीत नाही, पण घशाला कोरड पडली नाही एवढं आठवतं. दुभाष्यांनी चष्मा पुसला आणि अरबीत बोलायला लागले. बराच वेळ बोलले. मला वाटतं त्यांनी स्वतःच्या आईचंही घातलं असावं त्यात.

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मग काहीतरी म्हणाले. दुभाष्यांनी आम्हाला सांगितलं, "साब बोलते हैं, उनकी माँ दरवाज़े से ही आँख दिखाती थी."

वकील उठून काही बोलायला लागला. जजसाहेबांनी हातानं त्याला बसवलं, चुलत्याला आणि जमातवाल्यांना बाहेर थांबायला सांगितलं, आणि आम्हाला मागच्या आपल्या खोलीत बसवून खुबुसच्या रोट्या, चीज, खजूर, दही असं मागवलं. पोरीसमोर ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. बाई खाली बसल्या आणि स्वतः एक खजूर घेऊन खायला लागल्या, बी थुंकून, आवाज करत. थोड्या वेळानं पोरीनं हात पुढं केला.

ती कशी जेवली ते मी लिहिणार नाही. दुभाष्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बाहेर जमातवाल्यांचा आवाज वाढला, म्हणून शिपायानं येऊन दार ओढून घेतलं. पोरीचा हात थांबला. घास तोंडातच. बाई उठल्या, दार सताड उघडलं, आणि परत येऊन बसल्या. मग पोरगी चावायला लागली, आणि चावता चावता, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "घरी दार लावतात. मी आत. मग ते जेवतात. मग वास येतो."

मी हिंदीत सांगितलं. दुभाष्यांनी अरबीत. जजसाहेब त्या उघड्या दारात उभे होते, केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळलं नव्हतं.

"सिस्टर," ते थेट बाईंना म्हणाले, आणि हातानंच विचारलं, अजून काही?

बाईंनी मान हलवली. पोरगी तेवढंच बोलली होती.

निकाल काही त्या दिवशी लागला नाही. कोर्टाची माणसं फ्लॅटवर गेली, शेजाऱ्यांना विचारलं, शाळेत विचारलं, बरंच चाललं. पण पोरीला परत पाठवलं नाही, आणि शेवटी नानीकडे द्यायचं ठरलं. माझ्या मॅनेजरनं मला एकदा बोलावलं. मी बताका हातात घेऊनच गेलो. तो म्हणाला, "तुझ्याबद्दल कुणी काही सांगत होता. त्या सिस्टर माझ्या पोराचं रक्त काढतात, पोर रडत नाही. जा, गाडी धू." जमातीतले लोक मात्र जुम्म्याच्या नमाजानंतर माझ्याशी बोलेनासे झाले. ते बरेच महिने चाललं. मग कधीतरी एकानं चहा पुढं केला, मी घेतला, आणि ते तिथं संपलं. चुलत्याच्या घरात पुढं काय झालं ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही.

दीडेक वर्षानं मी सुट्टीवर गावी गेलो. बाईंनी नानीसाठी खजूर दिले होते. होडीनं पलीकडे गेलो, विचारत विचारत घर शोधलं. नानी ओट्यावर कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी कोण ते सांगितल्यावर म्हातारी रडायलाच लागली. माझा हात सोडेना. मग घाईघाईनं मागच्या बाजूला तोंड करून हाक मारली, "अगो ए, इकडं ये! दोह्याची गाडी चालवायचे ते मामू आलेत. ये, सलाम कर!"

घरामागं पोरींचा गलका चालला होता. एक क्षण थांबला. मग त्यातून एक आवाज आला, चांगला खणखणीत.

"मी नाय येत! माझा डाव आलाय!"

नानी पार शरमली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "माफ कर बाबा. आली तेव्हा किती गुणाची होती, म्हणशील तसं ऐकायची. हल्ली सगळ्याला नाय म्हणते. जेव म्हटलं तर नाय, भाजी नको, माछी दे म्हणते. काय करू या पोरीला?"

"काही करू नका मावशी," मी म्हटलं. ओट्यावर बसून मी त्यांचं कोकमाचं सरबत प्यायलो. मागचा गलका पुन्हा सुरू झाला होता. थोडा वेळ ऐकत बसलो आणि तिला न भेटताच उठलो.

परत आल्यावर पहिल्याच फेरीला बाईंना हे सांगितलं. सिग्नलला उभे होतो. काचा खाली, नॅपकिन डोक्यावर.

"काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांग."

"मी नाय येत, माझा डाव आलाय."

"ओरडून?"

"ओरडून."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"परत सांग," त्या म्हणाल्या.